हलक्या मँगेनीजचे मोल कोण ठरवणार?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने खाणी व खनिजे (विकास व नियमन) कायद्यात आणखी एक दुरुस्ती संमत केली. स्वतःच्या कारखान्यासाठी खाणपट्टे घेतलेल्या उद्योगांवर खनिज बाहेर विकण्याची जी मर्यादा होती ती या दुरुस्तीने उठवली. त्याबरोबरच अशा पट्ट्यांच्या हद्दीत साचलेले खनिजाचे ढीग विकण्यास परवानगी देण्याचा मार्गही राज्य सरकारांना मोकळा करून दिला. वृत्तपत्रांनी ही बातमी आतल्या पानावर छापली व विसरून गेली. खाण म्हणजे पृथ्वीच्या पोटातला खड्डा आणि ढीग म्हणजे त्याच्या काठावरचा केरकचरा, असेच सामान्य वाचकाला वाटत असल्याने यात कोणाला काही वावगे दिसले नाही. परंतु कालचा केर आज विकाऊ का झाला, तो केर आहे असे काल कोणी ठरवले आणि आज त्याचे मोल कोण ठरवणार, हे प्रश्न खाणकामगारांच्या आणि खाणीभोवती राहणाऱ्या जनतेच्या जीवनाशी निगडित आहेत. विदर्भातील मँगेनीज पट्ट्याला तर ते फार जवळून भिडतात.

नागपूर व भंडारा जिल्ह्यांतून मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात जाणारा हा पट्टा देशाच्या पोलाद उद्योगाचा एक आधारस्तंभ आहे. रामटेक तालुक्यातील मनसर व कांद्री, सावनेर तालुक्यातील गुमगाव, तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग या खाणींची नावे त्या भागातील प्रत्येक कामगार कुटुंबाला ठाऊक आहेत. पोलाद निर्मितीत मँगेनीजची जागा घेईल असा दुसरा समाधानकारक पदार्थ अद्याप सापडलेला नाही. जगात खणल्या जाणाऱ्या मँगेनीजचा फार मोठा भाग पोलादाच्या भट्टीकडेच जातो. या खनिजाची प्रतवारी त्यातील धातूच्या प्रमाणावर ठरते. ढोबळमानाने ४६ टक्क्यांवरचे ते उच्च प्रतीचे, ३५ ते ४६ टक्क्यांचे मध्यम प्रतीचे आणि त्याखालचे हलक्या प्रतीचे. भूगर्भशास्त्रज्ञ लुई फर्मर यांनी १९०९ साली भारतीय मँगेनीजवरील आपल्या बृहद्ग्रंथात या पट्ट्यातील गार्नेट व क्वार्ट्झयुक्त मँगेनीज खडकाला ‘गोंडाइट’ असे नाव दिले. गोंडांची भूमी म्हणून गोंडाइट. जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांत हे नाव आजही आहे. मात्र ज्या गोंडांवरून ते पडले, त्यांच्या वाट्याला त्या खडकातून काय आले, याची नोंद कोणत्याही ग्रंथात करावीशी कोणाला वाटली नाही.

या पट्ट्यातील संघटित खाणकाम १८९६ साली स्थापन झालेल्या एका ब्रिटिश सिंडिकेटपासून सुरू झाले. पुढे तिचेच रूपांतर सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगेनीज ओअर कंपनीत झाले. त्या काळाचे गणित सरळ होते. खनिज नागपूर-बालाघाटहून रेल्वेने बंदरापर्यंत, तेथून जहाजाने इंग्लंड-अमेरिकेच्या भट्ट्यांपर्यंत न्यायचे. वाहतुकीचा खर्च प्रत्येक टनाला सारखाच पडे, मग त्या टनात मँगेनीज ५० टक्के असो वा २५ टक्के. म्हणून जहाजात चढवायचे ते फक्त उत्तम खनिज, आणि बाकीचे जागीच टाकायचे. खाणीच्या तोंडाशी बसलेल्या मजूर स्त्रिया हातोडीने दगड फोडत, हाताने निवडत, आणि नाकारलेला माल ढिगावर फेकत. कमी मोबदल्यातील त्या हातनिवडीने साम्राज्याच्या पोलाद भट्ट्यांना उत्कृष्ट खनिज पुरवले आणि आपल्याकडे ढिगारे ठेवले. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या निःसारणाचा जो सिद्धान्त मांडला, त्याचे याहून ठळक उदाहरण शोधूनही सापडणार नाही. जे परदेशी बाजारात विकले जाईल ते खनिज आणि जे जाणार नाही तो कचरा, अशी ही व्याख्या होती. प्रतवारी निसर्गाने केली नव्हती. ती लंडनच्या हिशेबनिसाने केली होती.

स्वातंत्र्यानंतर मालकी बदलली. १९६२ साली केंद्र सरकार आणि महाराष्ट्र व मध्य प्रदेश ही राज्ये यांचे मिळून ५१ टक्के व जुन्या कंपनीचे ४९ टक्के अशा भागीदारीने मँगेनीज ओअर इंडिया लिमिटेड, म्हणजे आजची ‘मॉयल’, अस्तित्वात आली. १९७७ साली उरलेले ४९ टक्केही सरकारने घेतले आणि उद्योग संपूर्णपणे जनतेच्या मालकीचा झाला. ही घटना मोलाची होती यात शंका नाही. परंतु मालकी बदलली तरी मोजमापाची पद्धत बदलली काय, हा प्रश्न त्या वेळी जितक्या आग्रहाने विचारला जायला हवा होता तितका विचारला गेला नाही.

मोजमापाची ही पद्धत नीट समजून घेतली पाहिजे, कारण सगळी मेख तेथेच आहे. १ एप्रिल २०१५ रोजीच्या राष्ट्रीय खनिज सूचीनुसार भारतात मँगेनीज खनिज सुमारे ४९.६ कोटी टन होते. त्यांपैकी ‘राखीव साठे’ या सदरात सुमारे ९.३ कोटी टन मोडत होते आणि उरलेले ४०.२ कोटी टन ‘अवशिष्ट संसाधने’ या सदरात. म्हणजे जमिनीत ठाऊक असलेल्या प्रत्येक पाच टनांपैकी चार टनांहून अधिक खनिज आजच्या हिशेबात काढण्याजोगे नाही. ही विभागणी संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरण चौकटीप्रमाणे केली जाते. या चौकटीत तीन गोष्टी पाहतात. खनिजाबद्दलचे भूगर्भीय ज्ञान किती पक्के आहे, ते काढण्याची तांत्रिक व्यवहार्यता किती तपासली आहे आणि ते काढणे आर्थिकदृष्ट्या परवडते काय. पहिल्या दोन गोष्टी ज्ञानाच्या व तंत्राच्या आहेत. तिसरी सर्वस्वी बाजाराची आहे. आणि बहुतेक वेळा निकाल तिसरीच देते.

बाजाराचा हा निकाल किती चंचल असतो याचे उदाहरण फार जुने नाही. २०२४ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रूट आयलंड बेटावर मेगन नावाचे चक्रीवादळ आदळले. तेथील मोठ्या मँगेनीज खाणीचा धक्का मोडला आणि निर्यात थांबली. पुढच्या काही महिन्यांत उच्च प्रतीच्या मँगेनीजचे जागतिक भाव झपाट्याने चढले आणि वर्ष संपण्याआधीच पुन्हा घसरले. भाव चढतात तेव्हा भंडारा-बालाघाटच्या खडकात मँगेनीजचा एक कणही वाढत नाही, घसरतात तेव्हा एक कणही कमी होत नाही. तरीही ‘परवडते’ आणि ‘परवडत नाही’ यांमधली रेषा दोन्ही वेळा सरकते. हजारो मैलांवरच्या वादळाने जी रेषा हलते, तिच्या भरवशावर एका राष्ट्राने आपली खनिज संपत्ती मोजावी काय?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवे काही नाही. डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली खंडाचा सिद्धान्त मांडला. धान्याचा भाव वाढला की अधिकाधिक हलकी जमीन लागवडीखाली येते, आणि सर्वांत हलक्या जमिनीवरचा उत्पादन खर्च जो भाव ठरवतो त्यामुळे चांगल्या जमिनीच्या मालकाला न राबता खंड मिळतो, असा त्याचा आशय. खाणीला हे तत्त्व लागू पडते, पण एका फरकाने. शेतजमिनीचा कस खताने व पाण्याने परत आणता येतो. खाणीतून चांगला थर उचलला की तो गेला तो गेलाच. वरचा, जाड, शुद्ध थर आधी ओरबाडून घ्यायचा आणि पातळ, मिश्र थर मागे सोडायचा, हे खाणमालकाच्या तात्पुरत्या फायद्याचे असते. पण मागे सोडलेला थर अनेकदा कायमचा गमावला जातो. भुयारे कोसळतात, पाणी भरते, आणि त्या थरापर्यंत पुन्हा पोहोचण्याचा खर्च मूळ खर्चाच्या कितीतरी पट होतो. म्हणून हलक्या प्रतीच्या खनिजाचे मूल्यमापन हा उद्याचा प्रश्न नव्हे. चांगले खनिज काढत असतानाच त्याचा निर्णय करावा लागतो. नंतर केलेला हिशेब म्हणजे मेल्यावर काढलेली नाडी.

हे तत्त्व आपल्या नियमांना अगदीच अपरिचित आहे असे नाही. खनिज संवर्धन व विकास नियमांत, १९८८ च्या आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०१७ च्या, ठराविक ‘उंबरठा-मूल्या’वरचे पण तूर्त न विकले जाणारे खनिज वेगळे रचून ठेवावे, ते मातीमुरुमात मिसळू नये, अशी तरतूद आहे. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय नागपुरातच आहे आणि हलक्या खनिजाचे संस्करण कसे करावे याचे प्रयोग करणारी त्याची प्रयोगशाळाही नागपूरजवळच आहे. ज्ञान आहे, नियम आहे, संस्था आहे. नाही ती सार्वजनिक कसोटी. वेगळा रचलेला हा ढीग कोणाच्या भविष्यासाठी रचला आहे, हे नियम सांगत नाही. आणि नियम मौन पाळतो तेथे बाजार बोलू लागतो.

याला एक ठरलेले उत्तर दिले जाते. आयात स्वस्त आहे, मग हलक्या खनिजाच्या मागे लागण्याचा अट्टहास कशाला? दक्षिण आफ्रिकेचे कालाहारी क्षेत्र जगातील ज्ञात मँगेनीजचा फार मोठा हिस्सा पोटात बाळगून आहे, गॅबनचे खनिज उच्च प्रतीचे आहे, जहाजे येतात, किनाऱ्यावरचे कारखाने चालतात. अलीकडच्या वर्षांत भारत आपल्या उत्पादनापेक्षा अधिक मँगेनीज खनिज आयात करतो, ही वस्तुस्थिती आहे. २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणाने २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टन पोलाद क्षमतेचे उद्दिष्ट ठेवले. तिकडे वाटचाल होईल तशी ही गरज वाढतच जाणार. पण स्वस्त आयातीचे हे आश्वासन किती दिवसांचे आहे? गॅबनच्या सरकारने २०२५ साली जाहीर केले की १ जानेवारी २०२९ पासून कच्चे मँगेनीज देशाबाहेर जाऊ दिले जाणार नाही, त्यावरची प्रक्रिया देशातच झाली पाहिजे. आफ्रिकेतील एक छोटे राष्ट्र आपल्या खनिजाबाबत हा स्वाभिमान दाखवते, त्याचे समाजवाद्यांनी मनःपूर्वक स्वागतच केले पाहिजे. ज्या लुटीचा अनुभव मनसर आणि चिखल्याने घेतला, तीच लूट गॅबनने सोसत राहावी आणि आपल्या भट्ट्या स्वस्तात चालाव्यात, अशी इच्छा धरणे हे साम्राज्यवादी अर्थशास्त्राचे उष्टे खाण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण चीनचे. तेथील देशी खनिज आपल्याहून सरस नाही. मोठा भाग वीस टक्क्यांच्या आसपासचा किंवा त्याहूनही हलका, कार्बोनेट जातीचा आहे. तरीही विद्युत्-विच्छेदनाने शुद्ध मँगेनीज धातू आणि विजेरी संचांसाठी लागणारे अतिशुद्ध मँगेनीज सल्फेट यांच्या उत्पादनात चीनने जगावर जवळजवळ एकाधिकार प्रस्थापित केला. अमेरिकेने २०२२ च्या आपल्या यादीत मँगेनीजला निर्णायक खनिज मानले. युरोपीय संघानेही २०२३ साली तेच केले. भारत सरकारने जून २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तीस निर्णायक खनिजांच्या यादीत मात्र मँगेनीजचे नाव नाही. घरात आहे म्हणून त्याची चिंता नको, असा यामागचा विचार असेल तर आयातीचे आकडे त्याला साक्ष देत नाहीत.

येथे एक सावधगिरीही बाळगली पाहिजे, कारण स्वावलंबनाची घोषणा देऊन निसर्गाचे व कामगाराचे हाल करणारे कमी नाहीत. हलके खनिज म्हणजे अधिक दगड, अधिक वीज, अधिक पाणी, अधिक गाळ. समजा, २५ टक्क्यांचे शंभर टन खनिज घेतले. त्यात मँगेनीज २५ टन. संस्करणात त्यातील ७० टक्के हाती लागले आणि ४० टक्के प्रतीचा माल तयार झाला, तर तो भरेल सुमारे ४४ टन. उरलेले सुमारे ५६ टन बारीक दळलेला गाळ म्हणून कोठेतरी टाकावे लागतील, आणि त्या गाळातही साडेसात टन मँगेनीज राहील. गोंडाइट पट्ट्यात सिलिका भरपूर, खनिजाचे कण सिलिकेटशी गुंतलेले आणि फॉस्फरसची खोड वेगळीच. नुसते दळून व चुंबकाने वेगळे करून भागत नाही. पुढे सिलिकोमँगेनीजच्या भट्टीला एका टनामागे सुमारे चार हजार युनिट वीज लागते. हा गाळ कोणाच्या शेतात जाणार, नाल्यात उतरणार की नदीत, हे आधी ठरवले नाही तर काय होते ते चीननेच दाखवून दिले आहे. हूनान, ग्वेइचौ आणि छोंगछिंग यांच्या सीमेवरील ‘मँगेनीज त्रिकोण’ म्हणून ओळखला जाणारा प्रदेश कारखान्यांच्या गाळाने नद्या नासल्याबद्दल कुप्रसिद्ध झाला.

माणसाच्या देहावरचा परिणाम तर त्याहून जुना आहे. ग्लासगोच्या कूपर नावाच्या वैद्याने १८३७ सालीच मँगेनीज दळणाऱ्या कामगारांच्या पायांतील बळ जाते, चाल बिघडते, वाणी अडखळते, अशी नोंद केली होती. संस्करणाचा अर्थच मुळी खनिज बारीक दळणे हा आहे. जितके खनिज हलके तितकी दळण अधिक, आणि धूळही अधिक. ज्या मूल्यमापनात या धुळीचा, त्या गाळाचा आणि खालावणाऱ्या भूजलाचा खर्च धरलेला नाही, ते मूल्यमापन खोटे आहे. मग ते खासगी कंपनीने केलेले असो की सरकारी उपक्रमाने. बाजाराचा हिशेब दोन्ही बाजूंनी लबाड असतो. राष्ट्राच्या उद्याच्या गरजेचे मोल तो धरत नाही, आणि कामगाराच्या फुप्फुसाचा व मज्जातंतूंचा खर्चही धरत नाही.

टाकाऊ ढिगाचे सोने झाले म्हणजे ते कोणाच्या घरी जाते, याचा धडा गोव्याने मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर गिरवला आहे. गोव्याच्या लोहखनिज पट्ट्यांत अनेक दशके हलक्या प्रतीचा माल ढिगांवर टाकला जात होता. या शतकाच्या पहिल्या दशकात चीनच्या पोलाद कारखान्यांची मागणी उसळली आणि तेच ढीग रातोरात निर्यातयोग्य झाले. रस्ते ट्रकांनी भरले, शेते लाल मातीने झाकली गेली, आणि नफा गेला पट्टेदारांच्या व दलालांच्या खिशात. ढीग साचत असताना ज्यांच्या शेतात पावसाळ्यात गाळ उतरत होता, ते विक्रीच्या वेळी कोठेच नव्हते. अखेर २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाला खाणकाम थांबवावे लागले. २०१४ च्या निकालात न्यायालयाने पट्ट्याबाहेर टाकलेले ढीग बेकायदा ठरवले आणि विक्रीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा पुढील पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत ठेवण्याचा आदेश दिला. खनिज ही एका पिढीची मिळकत नव्हे, हे तत्त्व न्यायालयाला सांगावे लागले, कारण सरकारने ते कधी सांगितले नव्हते. २०२५ ची दुरुस्ती मँगेनीजच्या ढिगांना याच वाटेने नेणार नाही, याची हमी तिच्यात कोठे आहे?

आणि सार्वजनिक मालकीचे तरी काय चालले आहे? १९७७ साली पूर्णत्वाला गेलेली जनतेची मालकी २०१० च्या डिसेंबरमध्ये शेअरबाजारात तुकड्यांनी विकायला काढली गेली. केंद्राबरोबर महाराष्ट्र व मध्य प्रदेश सरकारांनीही आपला वाटा कमी केला, आणि पुढील वर्षांत हे विकणे चालूच राहिले. कंपनीवरील ताबा आजही सरकारचाच आहे, तिने संस्करणाचे कारखाने व फेरोमँगेनीजची भट्टी उभारली आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु दर तिमाहीला नफ्याचा आकडा शेअरबाजारापुढे ठेवावा लागणारा उपक्रम तीस वर्षांनंतरच्या हलक्या थरासाठी आज खर्च करील, अशी अपेक्षा कोणत्या तर्काने धरायची? लोह, मँगेनीज व क्रोम खाणींतील कामगारांच्या कल्याणासाठी १९७६ साली कायद्याने उपकर बसवला होता. त्यातून दवाखाने, घरे, मुलांच्या शिष्यवृत्त्या यांना आधार मिळे. पुढे तो उपकरच रद्द झाला. २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. जुन्या पट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या तीस टक्के आणि लिलावात दिलेल्या पट्ट्यांवर दहा टक्के इतकी रक्कम त्यांच्याकडे जमा होते. म्हणजे खाण लिलावात निघाली की जिल्ह्याच्या जनतेचा हा वाटा एक-तृतीयांशावर येतो. हलक्या खनिजावरचे स्वामित्वधन मुळात विक्री किमतीच्या प्रमाणात, म्हणजे आणखी तुटपुंजे. गाळ मात्र दुप्पट. हा सौदा भंडारा-नागपूरच्या जनतेला कोणी समजावून सांगितला आहे काय?

तेव्हा मागणी स्पष्ट असली पाहिजे. मँगेनीज पट्ट्यातील प्रत्येक ढिगाची, प्रत्येक सोडलेल्या थराची मोजणी व रासायनिक तपासणी खाण ब्यूरोने करावी आणि तिचे निष्कर्ष मराठी व हिंदीत ग्रामसभांपुढे ठेवावेत. ही मोजणी पूर्ण होईपर्यंत कोणताही ढीग विकू नये. मूल्यमापनाची कसोटी आजचा बाजारभाव नसावी. येत्या तीस-चाळीस वर्षांत देशाच्या पोलादाला व विजेरी उद्योगाला लागणारे मँगेनीज किती, ते परक्यांकडून घेण्याचा खरा खर्च किती, आणि गाळ, पाणी, वीज व कामगाराचे आरोग्य धरून देशी हलके खनिज वापरण्याचा खर्च किती, ही तुलना कसोटी असावी. या तुलनेत जो ढीग न टिकेल तो तसाच झाडोऱ्याखाली बंदिस्त करावा. जो टिकेल त्याचे संस्करण सार्वजनिक क्षेत्रानेच, पट्ट्यातच, स्थानिकांना कायम नोकरी देऊन करावे, कंत्राटदाराच्या हंगामी मजुरांकडून नव्हे. त्या उत्पन्नाचा ठराविक भाग, गोव्याच्या निकालाला अनुसरून, कायमस्वरूपी निधीत जावा. आणि दळणाच्या प्रत्येक कारखान्यात कामगारांची मज्जातंतूंची तपासणी दरवर्षी, कामगार संघटनेच्या प्रतिनिधीसमक्ष व्हावी.

या मागण्या मंत्रालयातल्या फायलींवर आपोआप उमटणार नाहीत. तुमसर, रामटेक, सावनेर आणि बालाघाट येथील कार्यकर्त्यांनी खाण कामगारांच्या संघटनांबरोबरच गावांतील आदिवासी व शेतकऱ्यांना या प्रश्नावर एकत्र आणले पाहिजे. कामगाराला नोकरी हवी, शेतकऱ्याला स्वच्छ पाणी हवे, आणि या दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करणे हे मालकांचे जुने शस्त्र आहे. ढिगाचा हिशेब उघडपणे मांडला तर या दोघांचे हित एकच असल्याचे दिसेल. ज्या ढिगांवर त्यांच्या आज्या-पणज्यांनी दगड निवडले, त्या ढिगांचे मोल ठरवताना त्यांच्या नातवंडांचा आवाज ऐकला गेलाच पाहिजे. त्यासाठीची पहिली सभा कोणी सरकारी अधिकारी घेणार नाही. ती कार्यकर्त्यांनाच घ्यावी लागेल, आणि विक्रीच्या निविदा निघण्यापूर्वी घ्यावी लागेल.